सातवी गुणपत्रिका

(दक्षिण कोरियातलं एक बंदराचं शहर. नगरपालिकेची बैठकीची खोली, भर दुपार. शहराचं कचरा निवडण्याचं केंद्र पुढची तीन वर्षं कोणी चालवायचं, यासाठी दोन कंपन्यांच्या निविदांना सात परीक्षक गुण देताहेत. सहा जण जेवायला गेले आहेत. खोलीत उरलेत कारकून पिओ आणि सातव्या परीक्षक यांगसुकबाई.)

पिओ : मावशी, बेरीज बरोबर आहे तुमची. एकदा मोठ्याने वाचतो, तसा नियम आहे. कुओन साहेबांच्या कंपनीला शंभरपैकी पाच.

यांगसुक : पाच. पाच कलमं, एकेकाला एक. शून्य चालत नाही म्हणालात म्हणून एक टाकला, नाहीतर तोही टाकला नसता.

पिओ : आणि सध्या केंद्र चालवणाऱ्या जुन्या कंपनीला शंभर.

यांगसुक : शंभर. दोन्हीकडे माझ्या नावाचा शिक्का मारलाय. तो कुओन आता आपटला पाहिजे.

पिओ : मावशी, सकाळी मी नियम वाचून दाखवले. तुम्ही ऐकत होतात ना?

यांगसुक : मी त्याचं तोंड बघत होते. समोर उभा राहून काय गोड हसत होता मेला. तीन वर्षांत एकही अपघात नाही म्हणे. मला तिथंच उठावंसं वाटत होतं.

पिओ : सात आकड्यांतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आम्ही काढून टाकतो. उरलेल्या पाचांची सरासरी धरतो.

यांगसुक : म्हणजे?

पिओ : म्हणजे तुमचे पाच बहुधा गेले. आणि शंभरही गेले.

यांगसुक : वा. एकोणीस वर्षं सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून या शहराचा कचरा निवडला, म्हणून मला इथं कौतुकानं बसवलंत. कामगारांची माणूस म्हणे. आणि आकडे माझेच केरात?

पिओ : नियम सगळ्यांना सारखा आहे. कोणी मुद्दाम कोणाला पाडू नये, चढवू नये, म्हणून केलेला.

यांगसुक : मी मुद्दामच पाडतेय. तुम्हाला पट्टा माहीत आहे का, पिओ साहेब? की नुसते फोटो बघितलेत?

पिओ : दोनदा आलोय मी तिथं.

यांगसुक : मग डोक्यावरची दोरी बघितली असेल. ओढली की पट्टा थांबतो. पिशवीतून सुई निघाली, काच निघाली, की ओढायची. पलीकडच्या शहरात कुओनचं केंद्र आहे ना, तिथं ती दोरी वर गुंडाळून तारेनं छताला बांधली होती. का, तर बायका सारख्या ओढतात, काम थांबतं. आमची मालसुन तिकडे कामाला होती. तिची बाही पट्ट्यात गेली. तिनं दुसरा हात वर केला तर वर काहीच नाही. दोन बोटं गेली तिची.

पिओ : त्यांच्या निविदेला अपघात नसल्याचा सरकारी दाखला जोडलाय.

यांगसुक : जोडणारच. दवाखान्याचा खर्च त्यानं गुपचूप केला आणि तिच्याकडून लिहून घेतलं, घरी किमचीचा कोबी चिरताना सुरी लागली. अपघाताचा अर्जच गेला नाही तर दाखल्यात येईल कुठून? दवाखान्यात तिला पेज मी भरवलीय. उजव्या हाताला पट्टी, आणि मला म्हणते, ताई, कुणाला सांगू नकोस.

पिओ : हे मला ठाऊक नव्हतं.

यांगसुक : आता ठाऊक झालं. आपल्या केंद्रात बावीस जणी आहेत. हा आला की त्यांच्या दोऱ्याही छताला जातील. आणि तुम्ही मला सरासरी शिकवताय.

पिओ : कोणता आकडा द्या हे सांगायची मला मनाई आहे. नियम सांगू शकतो. शेवटच्या रकान्यात कारण लिहिता येतं. ते अध्यक्ष सगळ्यांसमोर वाचतात. ऐकून कोणालाही आपला आकडा बदलता येतो.

यांगसुक : मग एवढा वेळ तोंडात काय धरलं होतंत? आणा पेन. मालसुनचं नाव नाही घालणार. मी काय पाहिलं तेवढं लिहीन.

पिओ : लिहा. फक्त एक विचारू?

यांगसुक : विचारा. आज मला सगळेच शिकवणार.

पिओ : गेल्या आठवड्यात सगळ्यांबरोबर तुम्हीही त्यांची यंत्रं पाहिलीत. कशी आहेत?

यांगसुक : नवी आहेत. प्लास्टिक कोणत्या जातीचं ते बघून ओळखतं एक. आपल्याकडचं नुसतं खोकतं.

पिओ : त्या यंत्रांना वीसपैकी एक. आणि बांधलेल्या दोरीलाही एक. वाचणारा काय म्हणेल?

यांगसुक : म्हणेल, म्हातारी रागात आहे. आहेच मी रागात. माझा राग खोटा आहे का?

पिओ : राग खरा आहे, मावशी. यंत्रांचा एक खोटा आहे.

यांगसुक : (कागद पुन्हा स्वतःकडे ओढते.)

पिओ : चहा आणू?

यांगसुक : नको. रोज पहाटे चर्चमध्ये गुडघे टेकून म्हणते, देवा, माझ्या तोंडून खोटी साक्ष जाऊ देऊ नकोस. आणि दुपारी इथं बसून हे. कसं खोडायचं?

पिओ : दोन आडव्या रेघा, त्यावर तुमचा शिक्का, बाजूला नवा आकडा.

यांगसुक : यंत्रं, सतरा. लिहिताना हात जळतोय माझा. पैशाची ताकद आहे त्याच्याकडे, सोळा. कामाचं नियोजन, तेरा. कामगारांच्या सोयी, तीन. सुरक्षेचा एक मात्र मरेपर्यंत एकच राहील.

पिओ : पन्नास झाले.

यांगसुक : पन्नास. त्या माणसाला माझ्या हातून पन्नास. आता जुन्यांचा कागद द्या.

पिओ : त्यांचे कमी केलेत तर कुओन साहेब...

यांगसुक : जवळ येतील. कळतं मला. पण इथं शंभर ठेवून तिथली दोरी सांगितली, तर तीही कोणी खरी मानणार नाही, दोन्ही कागद एकाच केरात जातील. द्या इकडे.

पिओ : कामगारांच्या सोयी. वीसपैकी वीस दिलेत तुम्ही.

यांगसुक : आम्हाला दिलेली बसायची खोली तळघरात आहे. कुजक्या पाण्याच्या टाकीला लागून. एकोणीस वर्षं तिथं डबा उघडला मी.

पिओ : मग किती लिहू?

यांगसुक : तुम्ही नका लिहू. शिक्क्याची शाई तेवढी जवळ सरकवा.