मनोहरभाऊंची अमावस्या

कुंदावहिनी, निखिल, खानझोडे कुटुंबातले सगळे, कारखान्यातले भाऊंचे जुने सहकारी, आणि आमच्या रविवारच्या टोळीतले मित्रहो,

तुम्ही एवढे सगळे आलात. मिसरोदच्या या लहानशा हॉलमध्ये मागे लोक उभे आहेत, दारात उभे आहेत. मला बोलायला सांगितलंय आणि मला ते जड जातंय. बँकेच्या काउंटरवर दिवसभर बोलणारी बाई मी, पण आज पहिलं वाक्यच सापडत नव्हतं. मी शैला पाटणकर. मनोहरभाऊंबरोबर दर रविवारी फोटो बघत बसणाऱ्यांपैकी एक.

आत येताना तुमच्या मनात दोन प्रश्न आले असतील. भाऊंच्या हार घातलेल्या फोटोशेजारी ही दुसरी चौकट आहे, ती नुसती काळी का? आणि बाहेर मंडपात जिलेबी कसली तळताहेत? एका वडीलधाऱ्यांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "शोकसभेला गोड? काय चाललंय काय तुमचं?" काका, रागावू नका. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते ऐका, मग रागवायचं की नाही ते ठरवा.

आमची टोळी म्हणजे सहा-सात हौशी माणसं. सगळ्यांकडे जुने, रोलवर चालणारे रेंजफाइंडर कॅमेरे. बिट्टन मार्केटजवळच्या एका चहाच्या दुकानात आम्ही दर रविवारी सकाळी जमतो. प्रत्येकाने एकच फोटो आणायचा, कागदावर छापलेला. साखरेच्या बरणीला टेकवून ठेवायचा. आणि मग गप्प. चहा टेबलावर येईपर्यंत कुणीही एक शब्द बोलायचा नाही, फक्त बघायचं. चहा आला की बोलायचं. आधी, माझी नजर कुठे थांबली. मग, काय खटकलं. आणि ज्याचा फोटो, त्याने अवाक्षर काढायचं नाही.

हा नियम मनोहरभाऊंचा. ते म्हणायचे, "फोटोच्या शेजारी उभं राहून त्याची वकिली करता येते का जी? मग तोंड बंद ठेवा." कुणी चुकून म्हणालंच की त्या दिवशी ऊनच नव्हतं, तर भाऊ साखरेचा चमचा बरणीवर वाजवायचे. टण्ण. झालं. नागपूर सोडून त्यांना अर्धं आयुष्य झालं होतं, पण ते 'जी' आणि 'काहून' काही सुटलं नाही.

माझा पहिला फोटो मोठ्या तलावाचा होता. संध्याकाळ, होडी, सोनेरी पाणी. मला वाटलं, आता सगळे वाहवा करणार. चहा आला. भाऊंनी चष्मा वर केला, कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक माणूस पायऱ्यांवर वाकून आपली दुसरी चप्पल शोधत होता. मला तो दिसलाही नव्हता. भाऊ म्हणाले, "माझी नजर इथे थांबली. लई मस्त आहे हा. तलावाचा फोटो तर भोपाळात सगळेच काढतात, तलाव कंटाळला असंल. पण याच्याकडे तुम्ही काहून नाही गेल्या? चावणार होता का तो?" मी हसले. खरं सांगते, घरी जाताना थोडी रडलेही. पण पुढच्या रविवारी मी माणसांच्या जवळ जाऊन काढलेला फोटो घेऊन गेले. तेव्हापासून जातेच आहे.

आता त्या कॅमेऱ्याविषयी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मोबाइलवर तुम्ही जे बघता तोच फोटो येतो. आमच्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीच्या मधोमध समोरची वस्तू दोन-दोन दिसते. लेन्सवरचं कडं फिरवत राहायचं. दोनाची एक झाली की खटका दाबायचा. फार सुख असतं त्यात. पण लेन्सची कॅप काढायची राहिली तर? खिडकीतून सगळं लख्ख दिसत राहतं. तुम्ही खुशाल फोटो काढत सुटता, आणि रोल धुतला की कोरा. एकही फोटो नाही. आमच्यातल्या प्रत्येकाने ही चूक केली आहे. मी माझ्या भाचीच्या साखरपुड्यात केली आहे!

या कोऱ्या रोलला आम्ही अमावस्या म्हणतो. ज्याची अमावस्या, त्याने सगळ्यांना पोहे-जिलेबी खिलवायची. हा दंड. आणि मनोहरभाऊ आमच्या जिवावर वर्षानुवर्षं पोहे-जिलेबी खात आले. त्यांची अमावस्या कधी म्हणजे कधीच झाली नाही. वर जिलेबी मोडता मोडता म्हणायचे, "आपल्याकडं बारमाही पौर्णिमा राहते जी." आम्ही दात-ओठ खात बसायचो.

मग ते आजारी पडले. ऑपरेशन झालं. हात थरथरायला लागले. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायचे, तरी सांडायचं. कॅमेरा कपाटात गेला. रविवारी त्यांची खुर्ची आम्ही रिकामीच ठेवायचो.

आणि एक दिवस त्यांचा फोन आला. आवाजात जुनी मस्ती. "शैलाताई, अख्खा रोल काढला आज. ओळखा कोणाचा? तुमच्या वहिनीचा! गॅलरीत मेथी निवडत बसली होती. पुरा रोल बसली. या रविवारी नाही जमणार, पुढच्या रविवारी घेऊन येतो."

मी फोनवरच ओरडले. का, ते नातेवाईकांना सांगायला नको. कुंदावहिनींचा फोटो ही अशक्य गोष्ट. भाऊंच्या अल्बममध्ये वहिनी आहेत, पण कशा? तोंडासमोर तळहात. नाहीतर पाठ. नाहीतर पदराचं टोक, दारातून निघून जाताना. हबीबगंज स्टेशनवरच्या अनोळखी हमालाने भाऊंना चेहरा दिला, सख्ख्या बायकोने कधी दिला नाही. त्या वहिनी अख्खा रोल बसल्या!

पुढचा रविवार आला. भाऊ त्याच्या आधीच गेले.

तो रोल वहिनींनी सलीमभाईंकडे दिला. सलीमभाई आमच्यातले, घरच्या न्हाणीघरात रोल धुतात. निखिलला त्यातला आईचा एक फोटो मोठा करून हवा होता. बाबांनी काढलेला, आईचा चेहरा दिसेल असा पहिलाच फोटो. सलीमभाई तर नमाजाआधी करतात तसा वजू करून, हातपाय-तोंड धुऊन, मग रोल धुवायला बसले. आणि त्यांचा मला फोन आला. आधी चहा झाला का, ते विचारलं. मग म्हणाले, "शैला जी, पूरी रील साफ़ है. काँच जैसी. किनारे के नंबर बराबर आए हैं, मतलब केमिकल ठीक था. मनोहर भाई ने कैप नहीं हटाई."

आमच्यापैकी कुणालाही हसू आलं नाही.

सलीमभाई म्हणाले, "भाभी से बोल दें केमिकल ख़राब निकला? इल्ज़ाम मुझपे आने दो." मी हो म्हणणार होते. तेवढ्यात तेच म्हणाले, "नहीं. चम्मच बज जाएगा ऊपर से." फोटोबद्दल खोटं बोलायचं नाही, हेही भाऊंनीच शिकवलं होतं ना आम्हाला. म्हणून परवा आम्ही दोघं वहिनींकडे गेलो.

मी सांगितलं. जसं होतं तसं सांगितलं. वहिनींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मले माहीत आहे."

सलीमभाईंनी विचारलं, "आपको कैसे?"

"अवो, कॅप त्यायले कशी दिसंल? ते तर मागून पाहत होते. समोर कोण बसलं होतं? मी. पहिल्या खटक्यालाच दिसली मले."

मी म्हटलं, "वहिनी, मग सांगितलं का नाही?"

त्या म्हणाल्या, "सांगणारच होती. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यायच्या हाताकडे पाह्यलं. हात हलत नव्हता, शैला. पेला धरवत नव्हता त्या माणसाले, अन् कॅमेरा असा धरला होता, जसा लग्न झालं तेव्हा धरायचे. कडं फिरवत होते, माझ्याकडं पाहत होते, हसत होते. मी म्हटलं, चालू दे बापा. सांगितलं असतं तर हात खाली आला असता." मग डोळे पुसून म्हणाल्या, "अन् खरं सांगू? कॅप होती म्हणून तर मी एवढी निवांत बसली."

रोल संपल्यावर भाऊ कॅप लावायला कॅमेरा आपल्याकडे वळवू लागले, तर वहिनींनी तो हातातून काढून घेतला. म्हणाल्या, द्या, मी ठेवते. का घेतला, ते तुम्हाला कळलंच असेल.

सलीमभाई तिथेच हमसून रडले. मीही. वहिनींनी आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता रडणं पुरे. माझ्या नवऱ्याची अमावस्या झाली आहे. दंड तर द्यावा लागंल. सगळ्यायले पोहे-जिलेबी. शोकसभेलाच देईन. कोणाले काही म्हणायचं असंल तर मले म्हणावं."

तर काका, ही ती जिलेबी. आणि ही काळी चौकट म्हणजे त्या कोऱ्या रोलवरून सलीमभाईंनी काल छापलेला फोटो. कोरी फिल्म छापली की कागद असा काळा येतो. निखिलने मला विचारलं, "मावशी, यात काहीच नाही का?" निखिल, तुझी आई यात नाही, हे खरं आहे. मी खोटं सांगणार नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं, आयुष्यभर वाटेल. पण त्या सकाळी तुझे बाबा आजारी नव्हते. तुझ्या आईने कधी नव्हे ते तोंडासमोरचा हात खाली घेतला आणि तुझ्या बाबांनी तिला पोटभर पाहून घेतलं. हे घडलंय. एवढं घडलेलं कितीजणांच्या अल्बममध्ये असतं?

मित्रहो, बाहेर चहा उकळतोय. आता आपण सगळे उभे राहू. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसूनच. हा भाऊंचा शेवटचा फोटो आहे, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे चहा येईपर्यंत तो गप्प राहून बघायचा आहे. चहा आला की प्रत्येकाने वहिनींजवळ जाऊन सांगायचं, आपली नजर कुठे थांबली. मग जिलेबी घ्यायची. नाही म्हणायचं नाही.

मनोहरभाऊ, नमस्कार. फोटो तुमचा आहे. तेव्हा तुम्ही बोलायचं नाही.