‘काहून?’ कशानं बंद पडला

(डोंगरकडा येथे जून २००९ मध्ये झालेल्या निरोप समारंभात निवृत्त मुख्याध्यापक रामप्रसाद कावरखे यांनी केलेलं भाषण)

सन्माननीय अध्यक्ष जलालुद्दीन साहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले तांड्याचे नाईक वसराम राठोड, बाळापूरच्या कॉलेजचे प्राचार्य महोदय, जिच्यासाठी आपण सारे इथं जमलो ती सत्कारमूर्ती सुनिता, तिच्या मातोश्री जमनाबाई, समोर सतरंजीवर बसलेले माझे विद्यार्थी, विद्यार्थ्यांची लेकरं आणि आत जागा नाही म्हणून खिडक्यांना धरून उभे असलेले गावकरी बंधू-भगिनी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्ष साहेबांनी मला सात मिनिटं दिलेली आहेत. साहेब कापसाचे व्यापारी, मापाला पक्के. परंतु छत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या मास्तराला सात मिनिटं म्हणजे घसा खाकरायलाच जातात, हे साहेबांनी ध्यानात घ्यावं आणि घड्याळ उलटं ठेवावं. मागं साजीद कॅमेरा लावून उभा आहे. साजीद आपल्याच बाळापूरचा, सुनिताच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण यानंच केलं. त्यानं माझी डावी बाजू धरावी. उजवीकडचे दोन दात मागच्या महिन्यात गेले.

असो. सुनिताबद्दल बोलायचं तर सुरुवात कुठून करावी? पाचवीत माझ्या वर्गात आली तेव्हा हिला नीट मराठी येत नव्हतं. घरी तांड्याची गोरमाटी बोली बोलायची, वर्गात गप्प बसायची. दोन महिन्यांनी तोंड उघडलं आणि पहिला शब्द बोलली तो ‘काहून’. कविता शिकवायला लागलो की हिचा हात वर. चंद्र लहान-मोठा काहून होतो गुरुजी? मी म्हणायचो, बाई, तो चंद्र कवीचा आहे, कवीला विचार. पुढं हिनं बीएस्सी केलं, मुंबई गाठली, आणि चौऱ्याण्णव साली टीव्हीवर विज्ञानाचा कार्यक्रम करायला उभी राहिली. तेव्हा आपला जिल्हाही अजून परभणीच होता. कार्यक्रमाचं नाव काय ठेवायचं यावर तिथल्या साहेबांशी हिचं वाजलं. ते म्हणाले, ‘असे का होते?’ असं शुद्ध नाव ठेवू. ही म्हणाली, “आमच्याकडचं लेकरू असं विचारत न्हाई साहेब. ते ‘काहून’ म्हणतं.” शुद्धलेखनावर छड्या मोडलेला मी माणूस, पण त्या दिवशी मला या अशुद्धाचा अभिमान वाटला.

पहिल्याच भागाची गंमत सांगतो. पाण्यानं भरलेला पेला, त्यावर पुठ्ठा, पेला उलटा करायचा आणि पाणी पडत नाही हे दाखवायचं. हिनं पेला उलटा केला आणि सगळं पाणी बदाबदा साहेबांच्या बुटावर. साहेब म्हणाले, कापा हे, पुन्हा घ्या. सुनिता म्हणाली, कापू नका, पाणी पडलं काहून ते बघू. पुठ्ठा दुमडलेला होता, कडेनं हवा शिरली, हे तिनं लोकांना दाखवलं, सपाट पुठ्ठा घेतला आणि मग पाणी राहिलं. फसलेला प्रयोग लपवायचा नाही, ही तिची रीत तिथून पडली. नऊ वर्षं ती रीत मोडली नाही. मोडली ती एकदाच, आणि त्याच्याकडे मी येणार आहे.

मंगळवारी साडेपाचला कार्यक्रम असायचा आणि त्याच वेळेला आपल्याकडे वीज गेलेली असायची. मग गावातला काळा-पांढरा टीव्ही पारावर यायचा आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. इथं बसलेल्या कितीतरी जणांनी गुरुत्वाकर्षण बॅटरीवर पाहिलेलं आहे. कनेरगाव नाक्यावरच्या धाब्यावरून एकदा तिला पोस्टकार्ड गेलं. ‘दूध उतू जातं, पाणी काहून जात न्हाई?’ बाई कॅमेरा घेऊन थेट त्या धाब्यावर. दुधावर साय धरते, खालची वाफ अडते, मग ती सायीला उचलूनच बाहेर पडते, हे तिनं धाबेवाल्याच्याच पातेल्यात दाखवलं. महाराष्ट्रानं आपला कनेरगाव नाका पाहिला. जमनाबाईंना मी तेव्हा विचारलं, लेक टीव्हीवर दिसते, कसं वाटतं? त्या म्हणाल्या, “बोलून राहिली ते चांगलं हाये गुरुजी, पण जेवते का न्हाई ते टीव्हीत दिसत न्हाई.”

तर असा हा कार्यक्रम दोन हजार तीनच्या सप्टेंबरात बंद पडला. कशानं बंद पडला? आपल्या गावात त्याची तीन उत्तरं आहेत. कोणी म्हणालं, बाईच्या डोक्यात हवा गेली. कोणी म्हणालं, साहेबाला उलटं बोलली. तांड्याची पोरगी, किती दिवस ठेवून घेतील, असंही बोललेलं मी या कानांनी ऐकलं, आणि गप्प बसलो. ती इथं परत आली, बाळापूरच्या कॉलेजात पाच वर्षं शिकवलं, एकदाही कोणाला खुलासा दिला नाही. आता तिला पुन्हा बोलावणं आलंय, परवा ती मुंबईला चालली. ती जाण्याआधी तिन्ही उत्तरं खोटी आहेत हे कोणीतरी सांगायला हवं. आणि ते सांगू शकणारा माणूस मी आहे.

आपल्याला ठाऊक आहे, मी पायाळू. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं पाणी कळतं असं आपल्याकडे मानतात. वयाच्या अठराव्या वर्षी मी पहिल्यांदा तळहातावर नारळ आडवा धरून एका शेतात चाललो आणि नारळ उभा राहिला. तिथं पाणी लागलं. तेव्हापासून पंचक्रोशीत विहीर पाडायची म्हटलं की आधी गुरुजींना बोलावणं. मी कधी एक रुपया घेतला नाही. उपरणं आणि मान एवढंच घेतलं. पण मानाची चटक पैशापेक्षा वाईट, हे मला उशिरा कळलं.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात दुष्काळानं गावं कासावीस झाली होती. सुनिता साजीदला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, गुरुजी, तुमच्या नारळाची परीक्षा घेऊ द्या. मला तर हर्षच झाला. म्हटलं, घे बाई, सगळ्या महाराष्ट्राला दिसू दे. शाळेला सुट्टी होती, पटांगण मोकळं होतं. आधी उघड्या डोळ्यांनी चाललो. तीन ठिकाणी नारळ उभा राहिला, तिथं तिनं फक्कीच्या खुणा केल्या. मग माझंच उपरणं माझ्या डोळ्यांवर बांधलं आणि सहा वेळा मला त्याच पटांगणावरून फिरवलं.

बंधू-भगिनींनो, अकरा ठिकाणी नारळ उभा राहिला. त्यातली एकही जागा पहिल्या तिन्हीपैकी नव्हती. एकदा तर तो झेंड्याच्या ओट्यावर उभा राहिला. आणि शाळेचं चालू बोअर आहे ना, ज्याचं पाणी तुम्ही आज येताना प्यालात, त्याच्यावरून मी दोनदा गेलो आणि नारळ झोपून राहिला. उपरणं सोडल्यावर साजीदनं मला कॅमेऱ्यात सगळं दाखवलं. मी म्हणालो, मी काही मुद्दाम करत नाही. ती म्हणाली, “म्हाईत हाये गुरुजी. तुमी खोटं बोलत न्हाई. बोटं हलतात ते तुमचं तुमालाच कळत न्हाई.” इतक्या मायेनं आजवर मला कोणी नापास केलं नव्हतं.

पुढं जे झालं ते ऑफिसात, दार लावून. ती म्हणाली, “तुमी व्हय म्हणाल तरच दाखवते. न्हाई म्हणाल तर कॅसेट माझ्यापाशी राहील.” मला वाटलं होतं ती हट्ट करील, मग मला रागावता येईल. तिनं हट्ट केला नाही. तेव्हा मी काय बोललो ते जसंच्या तसं सांगतो. मी म्हणालो, “तुला बोलायला मी शिकवलं. आज माझी अब्रू चव्हाट्यावर मांडून गुरुदक्षिणा देतेस का?” गुरुदक्षिणा हा शब्द मी वापरला. तो शब्द ऐकल्यावर तिच्यासारखी पोरगी काय करणार? ‘न्हाई दाखवत’ असा शब्द तिनं दिला आणि चहा न घेता गेली.

मुंबईत त्या भागाची जाहिरात होऊन गेली होती, हे मला माहीत नव्हतं. त्या एका भागावर कार्यक्रम पुढं चालायचा की नाही ते ठरणार होतं, हेही माहीत नव्हतं. साहेबांनी कॅसेट मागितली. तिनं सांगितलं, चित्रीकरण फसलं. नऊ वर्षांत फसलेलं कधी लपवलं नाही त्या बाईनं, चांगलं झालेलं चित्रीकरण फसलं म्हणून सांगितलं. तिच्या कागदावर बेजबाबदार असा शेरा पडला आणि ‘काहून?’ संपला. दोन वर्षांनी बाळापूरच्या बसस्टँडवर साजीद भेटला. तो माझ्याशी बोलायला तयार नव्हता. मी काहून म्हणून विचारलं तेव्हा त्यानं हे सगळं सांगितलं.

हे कळल्यावर मी नारळ सोडला असेल, असं आपल्याला वाटेल. नाही सोडला. त्याच वर्षी तांड्याच्या विहिरीची जागा मी दाखवली. सुनिता तांड्यावर जाऊन सांगत होती की नारळावर जाऊ नका, भूजलवाल्यांना बोलवा. लोक म्हणाले, गुरुजींच्या हाताला गुण हाये. पुरावा तिच्या कपाटात होता आणि तो काढायचा नाही हा शब्द तिनं मला दिला होता. तांड्यानं पंचेचाळीस फूट खणलं. खाली काळा पाषाण लागला, थेंब नाही. त्या खड्ड्यातली माती टोपल्या टोपल्यांनी ज्यांनी वर काढली त्यांत या जमनाबाई होत्या. आणि वसराम नाईक मला काय म्हणाले? “तुमी तकलीफ घेतली गुरुजी, आमचंच नशीब खोटं.” नाईक, तुमचं नशीब खोटं नव्हतं. मी खोटा होतो. आधी मला कळत नव्हतं, तोवर एक वेळ माफी होती. शाळेच्या पटांगणावर मला कळलं होतं.

काल नाईक पुन्हा माझ्या घरी नारळ ठेवून गेले आहेत. उद्या सकाळी तांड्यावर दुसऱ्या विहिरीची जागा दाखवायला मला नेणार आहेत. नाईक, मी येईन. नारळ मात्र घरी देवापुढं फोडून, प्रसाद वाटून येईन. साजीद, तू टीव्ही घेऊन ये. आधी सगळ्यांना ती कॅसेट दाखव, मी पुढच्या रांगेत बसतो, कोणाला विचारायचं असेल तर मला विचारू द्या. मग भूजल विभागाला अर्ज लिहू. अर्ज मी चांगला लिहितो, त्यात मला गुण आहे.

सुनिता, तुला आता त्या दिवशीच्या उलट सांगतो. गुरुदक्षिणा तू सहा वर्षांपूर्वीच दिलीस, तीही तुझं सगळं काम मोडून. ती मी मागायला नको होती. ती मला पचलेली नाही. तुझ्या नव्या कार्यक्रमाचा पहिला भाग तीच कॅसेट असू दे. नाव-गाव झाकू नकोस. रामप्रसाद देवराव कावरखे, मुक्काम डोंगरकडा, असं खाली पट्टीवर येऊ दे. आणि मधे वाटलं की म्हाताऱ्याची दया करावी, तर करू नकोस. मी छड्या मारताना कोणाची केली नव्हती.

अध्यक्ष साहेब, सातची सतरा मिनिटं झाली असतील. आपण मला थांबवलं नाही, त्याबद्दल मनापासून आभार. प्राचार्यांचे आभार, संयोजकांचे आभार, उभ्यानं ऐकणाऱ्यांचे विशेष आभार. आता भाषणाच्या शेवटी काही चुकलं असल्यास क्षमा असावी असं म्हणायची पद्धत आहे. आयुष्यात शेकडो वेळा म्हणालो आणि दरवेळी मनात ठाऊक असायचं की माझं काही चुकलेलं नाही. आज चुकलंय, आणि काय चुकलं ते मी सांगितलंय. ही क्षमा सभागृहाकडे मागत नाही. जमनाबाई, तुमच्याकडे मागतो. तुम्ही लगेच हो म्हणू नका. उद्या कॅसेट बघा आणि मग सांगा.

कृपा करून कोणी टाळ्या वाजवू नये.