मालकाचे हात

माझं माहेर भोकरदनच्या पुढं, नदीकाठचं बारकंसं खेडं. आम्ही जातीचे परीट. आमच्या बापाकडं धुण्याचे सगळे मिळून दहा-बारा घरं, लुगडं हातात घेतलं की कळायचं हे पाटलीणबाईचं, हे सोनारणीचं, कपड्यावर खूण करायची कधी गरजच पडली न्हाई. माय लवकर गेली, पाठचे तीन भाऊ, त्यायला लहानाचं मोठं करता करता माझं लगीन राह्यलं, अन् झालं तवा मी एकवीस वर्सांची व्हते, लोकं म्हणायचे घोडनवरी. टेंभुर्णीला दिलं. निजामाचं राज्य व्हतं तवा.

टेंभुर्णी मोठं गाव, सासरी शंभर घरचं धुणं. सगळ्याचे धोतरं पांढरे, मंग वळखायचे कसे, तर बिब्ब्यानं. बिब्बा म्हंजे काळं फळ असतंय, सुई टोचली की काळं तेल निघतंय, त्या तेलानं काठाला एक टिपका, दोन टिपके, एक काडी, अशी घराघराची खूण, जल्मात निघत न्हाई. बाजारात लोकं नवं कापड घ्यायचे, दुसऱ्या दिवशी आमचे मालक ते गोळा करून आणायचे अन् बसून खुणा करायचे. मालक म्हंजे आमचे हे, नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई. बाईनं बिब्ब्याला शिवायचं न्हाई, ते गड्याचं काम, असं सासूचं म्हणणं. मी आपली धुवायची, वाळू घालायची.

आता काय सांगू तुम्हाला बाई, सांगायला जीभ उचलत न्हाई, पण तुम्ही दवाखान्यातल्या, लेकीसारख्या, म्हून सांगून राह्यले. नवरा-बायकोचं झालं की सकाळी माझ्या अंगाची आग, खाली सूज, खाज, बारके बारके फोड, लघवीला बसलं की डोळ्यातून पाणी. कधी व्हायचं, कधी बिलकुल व्हायचं न्हाई. मला वाटायचं सगळ्याच बायायला असं व्हत असंल, अन् बाईची जात, सोसायचं. चालणं वाकडं झालं तसं सासूनं वळखलं. ती म्हणली पोटात वारं धरलंय, बिब्ब्याचा चटका द्या. आमच्याकडं कशालाही तेच अवशीद. दिव्यावर बिब्बा धरला अन् बेंबीखाली चटके दिले. बाई गं, पोट असं उतलं, फोडच फोड आले, की पंधरा दिस लुगडं सोसंना!

मंग गावाला तोंड फुटलं. धुण्याच्या घाटावर बाया म्हणल्या, नवऱ्यानं बाहेर कुठं शेण खाल्लं असंल, गरमीचा रोग लागला असंल, तोच बायकोला दिला. मालकांच्या कानावर गेलं. त्यांनी आपलं अंथरूण उचलून कपडे उकळायच्या भट्टीच्या छपराखाली नेलं. मला वाटलं, माझी किळस आली. अन् त्यायला वाटत व्हतं, आपण कुठं गेलो न्हाई, पण आपल्याच अंगात काही खराबी असंल, आपल्यानंच हिचे हाल झाले. पण ना त्यांनी इचारलं ना म्या. तीन महिने असे गेले, एका घरात दोन मुकी माणसं.

अन् तीन महिन्यात माझं अंग बराबर झालं, कायमचा डाग फकस्त पोटावर. सासू म्हणली, बघा, हिच्या अंगाला नवरा सोसत न्हाई, मला नातू पाह्यजे. मालकाच्या दुसऱ्या लग्नासाठी वडीगोद्रीची एक पोरगी पाह्यली, लगीन पक्कं करायला सुपारी फोडायचा वार ठरला. माझ्या बापाला निरोप गेला, लेकीला घेऊन जा. माझं ऱ्हाणं-जाणं त्या एका सुपारीवर आलं.

तवा चांदबी आली. गावातली दाई, तिचेबी कपडे आमच्याकडं असायचे. म्या दोरीवर धोतरं टाकत रडत व्हते. तिनं बसवलं, सगळं माझ्या तोंडून काढून घेतलं, अन् जे कुणी इचारलं न्हाई ते इचारलं, बेटी, असं कोणत्या दिवशी व्हायचं? म्या आठवू लागले. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी रात्री जवळ आलं की. दरखेपी तेच. तिनं मालकाला हाक मारली, हात पुढं कर म्हणली. अंगठा अन् दोन बोटं बिब्ब्याच्या तेलानं काळीभोर. तुला आग व्हत न्हाई? मालक म्हणले, लहानपणापासून करतो, काहीच व्हत न्हाई. मंग ती अशी कडाडली, तेरे हात कू आदत है रे, इसके आंग कू नै!

मालक तिथंच दगडावर बसले अन् लेकरावाणी रडले. मला म्हणले, मला वाटलं मला रोग हाय. म्या म्हणले, मला वाटलं तुम्हाला माझी किळस आली.

चांदबीनं सांगितलं, खुणा केल्या त्या दिवशी जवळ यायचं न्हाई, अन् इतर दिवशीबी आधी हाताला खोबऱ्याचं तेल चोळायचं, मंग राखेनं धुवायचं. सासू आठ दिस बोलली न्हाई. नवव्या दिवशी खोबऱ्याच्या तेलाची वाटी माझ्यापुढं ठिवली अन् चुलीकडं गेली, तेवढंच. सुपारी फुटली न्हाई. मला पुढं दोन लेकरं झाली.

तवापासून मालक दारात उभं राहून दोन्ही हात पुढं करायचे, बघ म्हणायचे. म्या बघून हो म्हणले की मंगच आत. म्हातारे झाले, ते सगळं सरलं, खुणा करणंबी सरलं, तरी हात दाखवायचे. ते गेले तवा अंघोळ घालताना म्या खोबऱ्याचं तेल मागितलं. लोकं म्हणले, मेल्या माणसाच्या बोटायला तेल कशाला? म्या म्हणले, रोज ते लावायचे, आज त्यायला लावता येत न्हाई.

आता परटाकडं कुणी कपडे टाकत न्हाई, माझे दिवस भरत आले. तुमच्याकडं एखादी पोरगी अशी रडत आली तर तिला दोष देऊ नका माय, तिच्या मालकाला बोलवा, त्याचे हात बघा. सुखात ऱ्हा.