नावडतं फूल

आमच्या अण्णांचं सांगतो. धाकटे काका वारल्यापासून अण्णा, म्हणजे माझे वडील, एका जागी बसतच नव्हते. जेवता जेवता उठायचे, गेटपर्यंत जायचे, परत यायचे. रडले मात्र एकदाही नाहीत. शेवटी मी त्यांना सिडकोत फुलांच्या अर्काची औषधं देणाऱ्या एका बाईंकडं नेलं.

बाईंनी टेबलावर फुलांची चित्रं मांडली. म्हणाल्या, "फार विचार करू नका. आवडेल ते उचला, त्यावरून औषध ठरवू."

अण्णा लगेच उठले. "आवडायसारखं काय नाय. चला."

"मग नावडतं दाखवा."

अण्णांनी उभ्याउभ्याच एका पिवळ्या फुलावर बोट ठेवलं.

"हे का नको?"

"झेंडूवानी दिसतंय. गावाकडं कन्नडला धाकट्याला नेलं तवा लोकांनी त्याच्यावर लई झेंडू टाकला. मला त्याचं तोंडसुदीक नीट दिसलं नाय."

एवढं बोलून ते खाली बसले आणि लहान लेकरासारखे रडले. बाई औषध बाजूला ठेवून त्यांचा हात धरून बसल्या.

परतताना रिक्षात अण्णांचा डोळा लागला. घर आलं तसा रिक्षावाल्यानं वेग कमी केला. मी हळूच म्हटलं, "भाऊ, थांबवू नका. जालना रोडनं अजून एक चक्कर मारा."