धक्का कोण मारणार?

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. समोर त्यांची जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती.

“अगं, रॅलीचा नियमच आहे. गाडी जुनी, स्वस्तातलीच हवी. तीन देश पार करायचे.”

“हिने? भाजी आणायला नेली तर कोपऱ्यावर रुसून बसते.”

“क्लच बदलला की पळेल.”

“आणि वाटेत बंद पडली तर?”

“तीच तर गंमत! उतरायचं, धक्का मारायचा, पुढे निघायचं.”

“धक्का कोण मारणार?”

“मित्र आहे ना बरोबर.”

“माझ्या आईचं जास्त झाल्याचा फोन आला, तेव्हा काय म्हणाला होतात?”

“आता ते कशाला उकरून काढतेस?”

“म्हणालात, ही घाट चढायची नाही, उगाच अडकून पडू, तू सकाळच्या बसने जा. गेले मी. तर आईला चादरीने झाकून ठेवलेलं.”

“अगं, पण खरंच बंद पडली असती तर?”

“मी मारला असता की धक्का. आईच्या दारापर्यंत मारला असता.”