पहिली गाठ दुहेरी का?

शून्य! अहो, तीन मार्कांचा प्रश्न, एखादा तरी द्यावा की नाही माणसानं, अकरा वर्षं राबलीय म्हणून, नाहीतर अक्षर बरं आहे म्हणून... नाही. सातव्या प्रश्नाला भोपळा. आणि प्रश्न कशावर, तर सुतळीवर. माझ्या सुतळीवर! हसू नका, आधी ऐका तर खरं.

तुम्हाला सांगते, मी आरोग्य संशोधन केंद्रात सहायक. म्हणजे उन्हातान्हात घरोघर फिरायचं, दार वाजवायचं आणि विचारायचं, बाळाला खोकला किती दिवस होता? आता मला सांगा, पाणी भरायचंय, चूल पेटलीय, एक पोर कडेवर आणि एक पायात, त्या बाईला दिवस आठवणार कुठून? ती म्हणायची, "झाले असतील आठ-पंधरा." आठ की पंधरा? आमच्या कागदावर आठ-पंधराचा चौकोनच नाही! मग मी घरची सुतळी कापून नेली, प्रत्येकीच्या दाराला एकेक तुकडा बांधला. म्हटलं, बाळ खोकलं की त्या दिवसाची एक गाठ मार. आणि सुरुवातीला टोकाशी एक दुहेरी गाठ मारून ठेव बाई, नाहीतर पीळ सुटून सगळी पिंजारेल. बस. एवढंच माझं डोकं.

तेव्हा परदेशातून एक विद्यार्थिनी आली होती, तीन आठवड्यांसाठी. गुणी पोरगी हो, खोटं कशाला बोलू? उन्हानं चक्कर आली तिला, तर मीच तोंडावर पाणी मारलं. सुतळ्यांचे फोटो काढले, माझ्या गळ्यात पडली, गेली. आम्ही विसरलो.

तीन वर्षांनी परत आली ती डॉक्टरबाई होऊन. बरोबर खोका, खोक्यात पुस्तिका आणि नायलॉनच्या दोऱ्या, निळ्या. आमचे मोठे साहेब नाकातून बोलतात, म्हणाले, "ताई, एवढ्या तज्ज्ञ बाई आल्यात, आपली क्षमता वाढवायला."

म्हणे, क्षमता वाढवायला!

तीन दिवस मला माझीच सुतळी शिकवली. गाठ कशी धरायची, कशी मारायची, कशी मोजायची... मी वहीत उतरवून घेतेय, शहाण्यासारखी. का? तर शेवटी परीक्षा, ऐंशी टक्के मिळाले तर संशोधक पदासाठी पात्र. अकरा वर्षं वाट बघतेय हो मी त्या शब्दाची. माझ्या लेकीनं शाळेच्या फॉर्मवर लिहून टाकलं होतं, आई संशोधक. मीच तिला खोडायला लावलं. तिनं खोडलं, वर नीट अक्षरात लिहिलं, सहायक. ते खोडणं मला अजून लागतं.

तर प्रश्न सातवा. पहिली गाठ दुहेरी का असते? मी लिहिलं, पीळ सुटू नये म्हणून. चूक! बरोबर उत्तर काय, तर ताप आल्याची खूण. दहातले सात, म्हणजे सत्तर टक्के, नापास.

मी हात वर केला. म्हटलं, "बाई, ती गाठ माझी आहे."

डॉक्टरबाई गोड हसली. "तुमचा अनुभव मोलाचाच आहे, ताई. पण हे आता छापून आलंय."

आणि दाखवलंन हो छापलेलं! आमच्या भागातल्या मुलांचा खोकला तापानंच सुरू होतो, असा शोध. का नाही लागणार शोध? तिच्या फोटोतल्या प्रत्येक सुतळीची पहिली गाठ दुहेरी, आणि ती तिनं तापाची धरलेली! आणि आता नायलॉनच्या दोऱ्या, त्यांना पीळ कुठला, तरी कारखान्यातून दुहेरी गाठ मारूनच आल्यात. म्हणजे आमचं पोर खोकायच्या आधीच तापलेलं... उद्या यावर औषधं ठरतील, आहात कुठे?

म्हणे, क्षमता वाढवायची!

साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, खरं-खोटं मागाहून बघू, परवा फेरपरीक्षा आहे, तेवढी पास व्हा. आणि मी झाले. या हातानं लिहिलं, ताप आल्याची खूण. लाज वाटली हो, फार वाटली, पण डोळ्यांपुढे लेकीचा तो खोडलेला फॉर्म. शंभर टक्के! अहवालात माझा आलेख निघाला, आधी सत्तर, नंतर शंभर, वर चढणारी रेघ, शेजारी माझा फोटो, खोका हातात धरून. आणि जागा? ती पुढच्या प्रकल्पात निघेल म्हणे. पण पात्र आहे हं मी आता.

काल वस्तीत निळ्या दोऱ्या वाटायला गेले. पहिल्याच दारात, जिच्या पोरासाठी पहिली सुतळी कापली होती ना, तीच बाई. मी पुस्तिकेत बघून सांगितलं, ही दुहेरी गाठ म्हणजे ताप.

तिनं दोरी उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, "ताई, तुम्हीच तर सांगितलं होतंत, पीळ सुटू नये म्हणून मार."

म्हटलं, "तेव्हा मला कळत नव्हतं गं. आता माझी क्षमता वाढलीय."