तात्यांचा ब्रश

अरे, आमच्या तात्यांचं, माझ्या काकांचं, ऐकलंत की नाही? त्यांना फ्लू झाला, ताप उतरला, पण खोकला हटेना. त्यात तंबाखूची मिशेरी लावून लावून हिरड्यांतून रक्त. माझी बहीण सुमा दातांची डॉक्टर. ती म्हणाली, "तात्या, हिरड्यांतले जंतू श्वासाबरोबर छातीत उतरतात. फ्लूनंतर तर न्यूमोनियाची भीती. मिशेरी सोडा, रात्री ब्रश करा."

"खोकलो छातीत आसा, तू तोंड कित्याक बघतंस गो?" तात्यांनी उडवून लावलं.

आता देवळात आमच्या घरचं गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, दरवर्षी तात्याच घालतात; कुणाचंही गाऱ्हाणं असो, मागचे सगळे त्याला 'व्हय महाराजा' म्हणून होकार देतात. यंदा त्यांचा आवाज बसलेला, म्हणून ते माझ्यावर आलं. नारळ ठेवून सगळ्यांचं बरं मागितलं आणि शेवटी म्हटलं, "आमच्या तात्यांची मिशेरी सुटांदे, रोज रात्री ते ब्रश करूंदेत, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" मागून सगळे गरजले. त्यात सगळ्यांत घोगरा आवाज तात्यांचा. जन्माची सवय, हात जोडलेले, डोळे मिटलेले.

रात्री घरी जेवणं झाल्यावर सुमाला हाक आली, "ब्रश खंय आसा गो? तुझ्यासाठी न्हय, देवाक व्हय म्हटलंय."